पाइपने जोडल्यावर कमांड-लाइन प्रोग्राम गप्प का बसतो? स्क्रिप्टने त्याच्याशी प्रश्नोत्तरे कशी करावीत?

कापूसकाठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जिनिंगच्या कार्यालयात मी हिशेबाचे आणि संगणकाचे काम पाहतो. आमच्याकडे काटापावतीचा एक जुना प्रोग्राम आहे. तो सी भाषेत लिहिलेला आहे, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये चालतो, आणि त्याचा मूळ कोड आज कोणाकडेही नाही. हिशेबाला मात्र तो अत्यंत पक्का आहे. गाडी क्रमांक, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि ओलाव्याचे प्रमाण अशी माहिती तो एकेक करून विचारतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर थेट पावती तयार होते; ८ ते १२ च्या दरम्यान असेल तर कपात दाखवून ती मान्य आहे का असे विचारतो; १२ च्या वर गेल्यास माल नाकारून पर्यायांच्या पहिल्या यादीवर (मेनूवर) परततो.

धर्मकाट्यावरील माणसाने मोबाइलवरील साध्या फॉर्ममध्ये आकडे भरावेत, मागे पायथॉनच्या स्क्रिप्टने ते या प्रोग्रामला द्यावेत आणि आलेली पावती शेतकऱ्याच्या हाती पडावी, असा माझा बेत आहे. स्क्रिप्टमधून प्रोग्राम पाइपने जोडून सुरू होतो, परंतु पहिला प्रश्न वाचायला गेलो की स्क्रिप्ट तिथेच थांबून राहते. हाताने चालवल्यास तोच प्रश्न क्षणात दिसतो. गंमत अशी की प्रोग्रामचा इनपुट बंद केला की अडकलेले सगळे प्रश्न एकदम बाहेर येतात. ही अडचण माझ्या स्क्रिप्टमध्ये आहे की त्या प्रोग्राममध्ये, आणि अशा प्रोग्रामशी स्क्रिप्टकडून संवाद साधण्याची योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

टर्मिनल_वाशीम

स्क्रिप्ट बाजूला ठेवून आधी एक तपासणी करा. टर्मिनलमध्ये तोच प्रोग्राम सुरू करताना त्याच्या पुढे पाइप (एका प्रोग्रामचा आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडणारी नळी) लावून, आलेला मजकूर जसाच्या तसा दाखवणारी कॅट ही आज्ञा जोडा. इनपुट तुम्ही कीबोर्डवरूनच द्यायचा आहे. पहिला प्रश्न पडद्यावर दिसला नाही, तर पायथॉनचा यात काहीही संबंध नाही हे सिद्ध होईल.

अरुणावती

वाशीमकरांनी सांगितलेली तपासणी अवश्य करावी; तिचे उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे, म्हणून कारण आधीच लिहून ठेवते.

सी भाषेचे प्रमाणित ग्रंथालय (प्रोग्राम वापरतात तो तयार कोडचा संच) बाहेर जाणारा मजकूर लगेच पाठवत नाही, तो आधी बफरमध्ये साठवते. समोर टर्मिनल आहे असे त्याला आढळले, तर ओळ पूर्ण होताच तो साठा बाहेर ढकलला जातो. शिवाय कीबोर्डवरून वाचायला जाण्यापूर्वीही तो मोकळा केला जातो, त्यामुळे ओळ पूर्ण न झालेला प्रश्नसुद्धा आपल्याला दिसतो. समोर पाइप किंवा फाइल असेल तर मात्र साठा पूर्ण भरेपर्यंत काहीच बाहेर पडत नाही. लिनक्सवर पाइपसाठी हा साठा साधारणपणे ४,०९६ बाइट्सचा असतो. आपल्याकडची काळी-पिवळी जशी सगळ्या जागा भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, तसेच हे आहे. आता कापूसकाठ भाऊंच्या प्रोग्रामचा पहिला प्रश्न असेल वीस-पंचवीस बाइट्सचा. तो साठ्यात पडून राहतो, प्रोग्राम उत्तराची वाट पाहतो आणि स्क्रिप्ट प्रश्नाची. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि काम कायमचे अडून बसते.

इनपुट बंद केल्यावर प्रोग्राम संपतो आणि संपताना साठा रिकामा करतो. सगळे प्रश्न एकदम बाहेर येतात ते त्यामुळेच.

पाइपची मूळ कल्पना डग मॅक्इलरॉय यांची. केन थॉम्पसन यांनी ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली. एका प्रोग्रामचा मजकूर एकाच दिशेने पुढच्या प्रोग्रामकडे वाहत जावा, यासाठी ती रचना उत्तम आहे आणि तिथे बफरमुळे वेग वाढतो. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणाऱ्या प्रोग्रामला मात्र तोच बफर नडतो.

दर्यापूरकर

इतक्या खोलात जाण्याची गरज आहे का, असा माझा प्रश्न आहे. सगळी उत्तरे क्रमाने एका फाइलमध्ये लिहावीत, ती फाइल इनपुट म्हणून प्रोग्रामला द्यावी आणि जे बाहेर येईल ते प्रोग्राम संपल्यावर एकदाच वाचावे. पायथॉनच्या सबप्रोसेसमध्ये कम्युनिकेट नावाची सोय नेमकी यासाठीच आहे. अमरावती जिल्ह्यातील एका दूध संकलन केंद्रावर आम्ही याच पद्धतीने रोजचे हिशेब काढतो. संवाद हवाच कशाला?

कापूसकाठ

दर्यापूरकर साहेब, ओलावा ८ च्या आत आहे की बाहेर यावर पुढचा प्रश्न ठरतो, हे एक कारण. ती अट स्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिता येईल. पण कपातीची रक्कम शेतकऱ्याला दाखवून त्याचा होकार किंवा नकार घ्यायचा आहे, आणि ती रक्कम प्रोग्रामच सांगतो. त्याचे उत्तर आधीच फाइलमध्ये लिहून ठेवणे म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने आपण होकार देण्यासारखे होईल. ते मला मान्य नाही.

वाशीमकरांची तपासणी केली. कॅट जोडताच प्रश्न दिसेनासे झाले. आंधळेपणाने सगळी उत्तरे टाइप करून बाहेर पडलो, तेव्हा संपूर्ण मजकूर एकत्र आला. अरुणावती ताईंचे निदान तंतोतंत बरोबर आहे.

दर्यापूरकर

शेतकऱ्याच्या होकाराचा मुद्दा पटला. तो असेल तर संवाद हवाच.

सातपुडा_पायथा

स्टडबफ वापरून पाहा. जीएनयू कोअरयुटिल्सच्या ७.५ या आवृत्तीपासून ती आज्ञा उपलब्ध आहे. तिच्यामार्फत प्रोग्राम सुरू केला की त्याचा आउटपुट बफरविना किंवा ओळीगणिक पाठवण्यास सांगता येते. तुमचे प्रश्न ओळ न संपवता थांबत असतील, तर ओळीगणिकचा पर्याय पुरणार नाही. पूर्णपणे बफरविना हा पर्याय घ्यावा लागेल.

कापूसकाठ

स्टडबफ दोन्ही पर्यायांनी लावून पाहिले. काहीही फरक पडला नाही, आणि चुकीचा संदेशही आला नाही.

पांढरी_माती

त्या प्रोग्रामवर फाइल ही आज्ञा चालवा आणि उत्तरात "स्टॅटिकली लिंक्ड" असे येते का ते पाहा. प्रोग्राम बाहेरची कोणती ग्रंथालये जोडतो ते दाखवणारी एलडीडी ही आज्ञा चालवूनही तेच कळेल.

स्टडबफ काही जादू करत नाही. प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी ते एक लहानसे ग्रंथालय पुढे घुसवते आणि त्याच्याकरवी बफरची पद्धत बदलून घेते. प्रोग्रामने सी ग्रंथालय बाहेरून जोडून घेतले असेल तरच हे शक्य होते. ते प्रोग्रामच्या पोटातच बांधलेले (म्हणजेच स्टॅटिकली लिंक्ड) असेल, प्रोग्राम स्वतःच बफरची पद्धत ठरवत असेल, किंवा तो या ग्रंथालयाचा वापरच करत नसेल, तर स्टडबफ निमूटपणे निष्प्रभ ठरते आणि तसे सांगतही नाही.

कापूसकाठ

होय, "स्टॅटिकली लिंक्ड" असेच आले.

पांढरी_माती

मग मार्ग स्पष्ट आहे. प्रोग्रामला पाइप न देता स्यूडो-टर्मिनल द्यावे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, टर्मिनलची एक जोडी तयार करते. एक टोक प्रोग्रामच्या हाती आणि दुसरे स्क्रिप्टच्या. समोर टर्मिनल आहे का असे प्रोग्रामने विचारले की त्याला "आहे" असेच उत्तर मिळते, आणि तो हाताने चालवल्यासारखा वागू लागतो. आपल्या टर्मिनलच्या खिडकीमागे आणि दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या एसएसएचच्या दूरच्या टोकाला हीच यंत्रणा काम करते, त्यामुळे ती पुरती पारखलेली आहे.

याच कामासाठी डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये एक्स्पेक्ट तयार केले. ते अमेरिकेतील निस्ट या संस्थेत होते. जॉन औस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेवर ते उभारलेले आहे. त्याचा सगळा कारभार दोन क्रियांवर चालतो: अमुक मजकूर दिसेपर्यंत थांब, आणि दिसला की तमुक पाठव. एका वेळी अनेक शक्यता देता येतात, हे तुमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. ओलावा दिल्यावर "पावती", "कपात मान्य" आणि "माल नाकारला" या तिन्हींची एकत्र वाट पाहता येईल आणि जे आधी दिसेल त्याप्रमाणे पुढे जाता येईल. तुम्ही पायथॉनमध्ये काम करता, म्हणून पेक्सपेक्ट हे पायथॉनचे ग्रंथालय वापरा. कल्पना तीच आहे.

आणखी एक. तुम्ही रीडलाइनने वाचत असाल तर ते सोडून द्या. रीडलाइन ओळ संपण्याची वाट पाहते आणि "गाडी क्रमांक :" हा प्रश्न ओळ न संपवता तिथेच थांबतो. त्यामुळे बफरची अडचण नसती तरीही तुमची स्क्रिप्ट अडकलीच असती.

बुलढाणा_बाइट

बॅशमध्येच काम भागवायचे असेल तर ४.० आवृत्तीपासून कोप्रॉक आहे. प्रोग्रामचा इनपुट आणि आउटपुट असे दोन्ही त्याने हाती येतात. पण ते पाइपच असतात, त्यामुळे बफरची अडचण जशीच्या तशी राहते. एमकेफिफोने केलेल्या नामधारी पाइपचेही तेच, आणि तिथे दुसरे टोक कोणी उघडेपर्यंत उघडण्याची क्रियाच थांबून राहते, हा आणखी एक सापळा. केवळ आउटपुट वाहता हवा असेल तर एक्स्पेक्टसोबत येणारे अनबफर पाहावे.

मेळघाट_नेट

नुसत्या तर्काने निदान करण्यापेक्षा, प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारी एस-ट्रेस ही आज्ञा चालवून पाहावी, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. प्रोग्राम अडकलेला असताना त्याचा प्रोसेस क्रमांक घेऊन एस-ट्रेस जोडा. शेवटच्या ओळीत रीड आणि त्यापुढे कंसात शून्य दिसले, तर प्रोग्राम तुमच्या उत्तरासाठी ताटकळत आहे. राइट आणि त्यापुढे एक दिसले आणि ती ओळ पूर्ण होत नसेल, तर तो तुमच्याकडे मजकूर पाठवू पाहतो आहे आणि तुम्ही वाचत नाही. दोन्ही अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात, उपाय मात्र अगदी उलट आहेत. काही मिनिटांच्या या तपासणीने दिवसभराची चाचपड वाचते.

घाटंजीकर

विषय निघालाच आहे तर याच कुळातली एक अडचण विचारतो. ग्रामपंचायतींच्या संगणकांची नावे एका फाइलमध्ये आहेत. व्हाइल रीडने एकेक ओळ घेऊन त्या संगणकावर एसएसएचने जातो आणि दिवसाची प्रत आणतो. फेरी पहिल्याच गावावर संपते, चुकीचा संदेशही येत नाही. कारण काय असावे?

मेळघाट_नेट

घाटंजीकर, तुमच्या फेरीचा आणि एसएसएचचा इनपुट एकच आहे. एसएसएच सुरू होताच तो उरलेली सगळी यादी स्वतःचा इनपुट समजून वाचून टाकतो, आणि फेरीसाठी पुढे काही शिल्लकच राहत नाही. एसएसएचला एन हा पर्याय द्या, म्हणजे तो इनपुटला हात लावणार नाही. व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगचेही हेच होते. त्याला नोस्टडइन हा पर्याय आहे. जो प्रोग्राम इनपुट वाचू शकतो, त्याचा इनपुट कोठून येतो हे फेरीत वापरण्यापूर्वी ठरवून द्यायलाच हवे.

घाटंजीकर

सगळ्या गावांची प्रत आली. मनःपूर्वक आभार.

चिखलदरा_शाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमची मुले तालुका पातळीवर बुद्धिबळ खेळतात आणि त्यांच्या डावांचे विश्लेषण मी स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामकडून करून घेतो. हा प्रोग्रामही टर्मिनलमध्येच चालतो, परंतु त्याला माझ्या स्क्रिप्टशी जोडताना पाइपवरच काम भागले. स्यूडो-टर्मिनल लागले नाही. याचे कारण मला फार शिकण्यासारखे वाटते.

असे प्रोग्राम यूसीआय नावाचा संकेत पाळतात. तो रुडॉल्फ हुबर आणि श्टेफान मायर-कालेन यांनी २००० मध्ये मांडला. "यूसीआय" असे पाठवले की प्रोग्राम आपली माहिती सांगतो आणि शेवटी "यूसीआयओके" म्हणतो. "इजरेडी" विचारले की तयार झाल्यावर "रेडीओके" असे उत्तर देतो. डाव देऊन विचार करायला सांगितले की मधल्या काळात कितीही ओळी येवोत, "बेस्टमूव्ह" ने सुरू होणारी ओळ आली म्हणजे उत्तर पूर्ण झाले. प्रत्येक उत्तराचा शेवट ठरलेला असतो आणि प्रत्येक ओळ तत्काळ बाहेर ढकलली जाते. स्क्रिप्टला कोठेही अंदाज बांधावा लागत नाही.

मला वाटते की मूळ प्रश्नाचे मर्म इथे आहे. प्रोग्रामकडून मजकूर कसा मिळवावा याचे उपाय वर आलेच आहेत. परंतु उत्तर संपले हे कशावरून ओळखायचे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. "थोडा वेळ काही आले नाही म्हणजे संपले" असे गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत. संगणकावर भार वाढला की त्या अर्धेच उत्तर घेऊन पुढे जातात, आणि काटापावतीसारख्या कामात ते कोणालाही परवडणारे नाही.

अरुणावती

सर, फार महत्त्वाचे लिहिलेत. ज्या प्रोग्रामकडे असा संकेत नाही, पण त्याच्याकडून आपल्याला हवा तो मजकूर छापून घेता येतो, तिथे शेवटाची खूण आपणच पेरावी. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कमांड-लाइन प्रोग्रामला प्रश्न दिल्यावर लगेच प्रिंट या त्याच्या आज्ञेने एखादा अनोखा शब्द छापायला सांगावा. तो शब्द दिसला की आधीच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण झाले. खुणेचा शब्द असा निवडावा की तो प्रत्यक्ष माहितीत कधीच येणार नाही.

टर्मिनल_वाशीम

स्यूडो-टर्मिनलच्या सल्ल्याबाबत मला एक हरकत नोंदवायची आहे. हा मार्ग चालतो, परंतु तो नाजूक आहे. माणसासाठी लिहिलेल्या शब्दांवर स्क्रिप्ट उभी केली, की कोणी एका प्रश्नातला एक शब्द बदलला तरी स्क्रिप्ट अडकते. संगणकाची भाषा बदलल्यामुळे संदेश दुसऱ्या भाषेत येऊ लागले आणि रात्रीचे काम ठप्प झाले, असे मी पाहिले आहे. ज्या प्रोग्रामला यंत्रासाठी वेगळी पद्धत आहे तिथे तीच वापरावी. प्रोग्राममधील चुका शोधायला वापरतात त्या जीडीबीला यंत्रांसाठी स्वतंत्र संवादपद्धत आहे. अनेक आज्ञांना जेसन, म्हणजे यंत्राला वाचायला सोप्या मांडणीत उत्तर देण्याचा पर्याय असतो. आधी ते शोधावे, नसेल तरच स्यूडो-टर्मिनलकडे वळावे.

पांढरी_माती

हरकत रास्त आहे आणि सर्वसाधारण नियम म्हणून मला मान्य आहे. या प्रसंगी मात्र प्रोग्रामचा कोडच नाही, म्हणजे त्याचे प्रश्न कधीच बदलणार नाहीत. गोठलेल्या प्रोग्रामसाठी हा मार्ग सर्वांत सुरक्षित ठरतो. तरीही स्क्रिप्टमधून प्रोग्राम सुरू करताना एलसी_ऑल हे चल सी ठेवावे आणि टर्म हे चल डम्ब ठेवावे, म्हणजे सी ग्रंथालयाचे संदेश स्थिर राहतील आणि रंगांच्या खुणा मजकुरात सहसा मिसळणार नाहीत. मर्यादित वेळेत अपेक्षित मजकूर आला नाही, तर स्क्रिप्टने पुढे न जाता थांबावे आणि तोवर काय काय आले ते नोंदवहीत लिहावे. पेक्सपेक्टमध्ये ही मर्यादा मुळात ३० सेकंदांची असते.

अकोट_खिडकी

आमच्या कार्यालयात विंडोज आहे. तिथे काय करावे?

सातपुडा_पायथा

पेक्सपेक्टचा नेहमीचा स्पॉन विंडोजवर चालत नाही; पॉपेनस्पॉन चालतो, पण तो पाइपवर असल्याने बफरची अडचण राहते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून कॉनपीटीवाय नावाची स्यूडो-टर्मिनलची सोय आली आहे, आणि पायविनपीटीवाय ती पायथॉनला उपलब्ध करून देते.

कापूसकाठ

मंडळी, पेक्सपेक्टने प्रोग्राम बोलू लागला. पहिला प्रश्न स्क्रिप्टमध्ये दिसला तेव्हा कार्यालयातील सगळे पडद्याभोवती जमले होते. आपणा सर्वांचा मी ऋणी आहे.

आता दोन नव्या अडचणी आहेत. एक, मी पाठवलेले उत्तर पुन्हा मलाच वाचायला मिळते: वजन पाठवले की आलेल्या मजकुरात आधी तेच वजन आणि मग पुढचा प्रश्न दिसतो. दुसरी अडचण गंभीर आहे. काट्यावरील माणसाने फॉर्ममध्ये ओलावा भरला, फॉर्मने तो आकडाच असल्याची खात्री केली, आणि तरीही "ओलावा टक्के :" हा प्रश्न पडद्यावर अखंड धावत सुटला. प्रोग्राम मारून टाकावा लागला. काही वेळा हे होते, काही वेळा होत नाही.

पांढरी_माती

पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. टर्मिनल टाइप केलेली अक्षरे परत दाखवते, आणि तुम्ही आता टर्मिनलवर आहात. स्पॉन करताना एको बंद ठेवा. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी दोन्ही चिन्हे येतात, हेही ध्यानात घ्या. पेक्सपेक्टमध्ये ओळीचा शेवट डॉलर चिन्हाने शोधू नये. मजकूर वाहता असल्यामुळे ते चिन्ह भरवशाचे नाही.

दुसऱ्या अडचणीसाठी एक विचारतो: त्या माणसाच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे का?

कापूसकाठ

होय, मराठीच आहे. नोंद पाहिली. जेव्हा प्रोग्राम धावत सुटला, तेव्हा ओलावा "९.५" असा देवनागरी अंकांत भरलेला होता.

पांढरी_माती

मग चित्र पूर्ण झाले. तुमच्या फॉर्मने आकड्याची खात्री नियमित पदावलीतील (रेग्युलर एक्स्प्रेशनमधील) उलटा तिरपा आणि डी या खुणेने केली असणार. पायथॉन ३ मध्ये साध्या मजकुरासाठी ही खूण देवनागरी अंकांनाही अंकच मानते, आणि ते योग्यच आहे. इझडिजिटदेखील होकार देते. सी मधल्या स्कॅनएफला मात्र देवनागरी अंक कळत नाहीत. त्याला न समजलेले अक्षर तो उचलत नाही, इनपुटमध्ये तसेच ठेवून अपयश कळवतो. तुमचा जुना प्रोग्राम पुन्हा तोच प्रश्न विचारतो, पुन्हा तेच अक्षर समोर येते, आणि हे चक्र कधी थांबत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. पायथॉनचे फ्लोट देवनागरी अंक बरोबर वाचते. आलेला मजकूर फ्लोटमध्ये बदला, तो ० ते १०० च्या दरम्यान आहे का ते पाहा, आणि त्यापासून पुन्हा तयार केलेला मजकूरच प्रोग्रामला पाठवा. तो इंग्रजी अंकांतच (0 ते 9) असेल. काट्यावरच्या माणसाला कीबोर्ड बदलायला सांगू नका. मराठी माणसाने मराठी अंक वापरावेत आणि रूपांतराचे काम स्क्रिप्टने करावे.

चिखलदरा_शाळा

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

अरुणावती

देवनागरीचा विषय आलाच आहे तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेते. आपण ४,०९६ बाइट्सच्या तुकड्यांत वाचत असलो, तर सलग देवनागरी मजकुरात १,३६५ चिन्हे बसतात आणि एक बाइट उरतो, म्हणजे पुढच्या चिन्हाचा तुकडा पडतो. तेवढाच तुकडा अक्षरांत बदलायला गेल्यास चूक येते किंवा प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतात. पायथॉनमध्ये इन्क्रिमेंटल डीकोडर आहे. तो अर्धवट बाइट राखून ठेवतो आणि पुढचा तुकडा आल्यावर जोडतो. पेक्सपेक्टला एन्कोडिंग सांगितले तर तो हेच आतल्या आत करतो. शेतकऱ्यांची नावे पावतीवर मराठीत येत असतील तर ते सांगायला विसरू नये.

मेळघाट_नेट

जे पाइपवरच काम करणार आहेत त्यांच्यासाठी: प्रोग्रामच्या चुकांच्या संदेशांचा प्रवाह वेगळ्या पाइपमध्ये घेऊन तो वाचायचा राहिला, तर तो पाइप भरतो आणि प्रोग्राम तिथे अडकतो. लिनक्सच्या २.६.११ पासून एका पाइपची क्षमता ६५,५३६ बाइट्स आहे. लहान चाचणीत ती भरत नाही, हंगामाच्या गर्दीत भरते. दोन्ही प्रवाह एकत्र करा किंवा चुकांचा प्रवाह थेट फाइलकडे वळवा.

कापूसकाठ

देवनागरी अंकांचे रूपांतर केले आणि अडचण पूर्ण मिटली. कपातीची रक्कम आता मोबाइलवर दिसते, आणि शेतकरी स्वतः पाहून होकार किंवा नकार देतो. दर्यापूरकर साहेबांना हे मुद्दाम कळवतो.

एक शेवटचे विचारायचे आहे. आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टरचा भरवसा नाही. स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडली तर मागे चाललेल्या प्रोग्रामचे आणि त्या दिवसाच्या पावत्यांच्या फाइलचे काय होते?

मेळघाट_नेट

हे तपासल्याशिवाय प्रत्यक्ष वापर सुरू करू नका. स्क्रिप्ट मेली की स्यूडो-टर्मिनलचे तिच्याकडचे टोक बंद होते आणि प्रोग्रामला हँगअपचा सिग्नल जातो. प्रोग्रामने त्याची वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर तो तत्क्षणी संपतो, आणि अशा मृत्यूत बफरमधील मजकूर बाहेर पडत नाही. अरुणावती ताईंनी वर सांगितलेला बफर पडद्यापुरता नसतो; प्रोग्राम पावत्या ज्या फाइलमध्ये लिहितो तिलाही तो लागू असतो. पावती पडद्यावर दिसली म्हणजे ती फाइलमध्ये उतरली, असे समजू नये.

एस-ट्रेस जोडून एक पावती करा. पावती होताच फाइलवर राइट दिसले तर निदान मजकूर प्रोग्रामच्या हातून कर्नलकडे गेला. तसे दिसले नाही, आणि ते फक्त यादीतून बाहेर पडताना दिसत असेल, तर स्क्रिप्टने प्रत्येक पावतीनंतर यादीतील बाहेर पडण्याचा पर्याय देऊन प्रोग्राम रीतसर संपवावा आणि पुढच्या गाडीसाठी नव्याने सुरू करावा. इतका लहान प्रोग्राम सुरू व्हायला वेळ लागत नाही.

वीजच गेली तर कर्नलकडील मजकूरही डिस्कवर पोचलेला नसू शकतो. म्हणून प्रोग्राम संपल्यावर स्क्रिप्टने ती फाइल उघडून तिच्यावर एफसिंक (मजकूर डिस्कवर उतरवण्याची सूचना) करावे, आणि ते यशस्वी झाल्यानंतरच मोबाइलवर पावती दाखवावी.

कापूसकाठ

तपासले. फाइलवरील राइट फक्त बाहेर पडतानाच दिसते. आपण सांगितल्याप्रमाणे प्रत्येक गाडीला प्रोग्राम नव्याने सुरू करून रीतसर संपवण्याची आणि त्यानंतर एफसिंक करण्याची व्यवस्था करतो आहे.